आधी दुसऱ्याचं ताट वाढा: भागीदारीत आणलेल्या मालमत्तेचा अमेरिकी कर कसा वाटायचा

१०६५ ची, म्हणजे अमेरिकी भागीदारी संस्थेच्या रिटर्नची, नवी फाइल हातात आली की सॉफ्टवेअर उघडू नका. आधी भागीदारीचा करार शोधा आणि त्यात तीन गोष्टी बघा. कोणी रोख घातली, कोणी वस्तू घातली आणि कोणत्या तारखेला. तारीख पेन्सिलने का होईना, कागदावर लिहून ठेवा. ती का लागते ते पुढे सांगते, कारण ती न लिहिण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

ऐरोलीत आमच्याकडे दर डिसेंबरला नवीन मुलं येतात. कोणी कळव्याहून, कोणी डोंबिवलीहून, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने. बी.कॉम. झालेली, काहींचा सीए इंटरचा एक ग्रुप निघालेला. जर्नल एंट्री झोपेत घालतील. पण अमेरिकी भागीदारी संस्थांची रिटर्न १५ मार्चला द्यायची असतात, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर दरवर्षी कोणीतरी माझ्या टेबलाशी येतं. "मॅडम, दोघंही पन्नास टक्क्यांचे भागीदार आहेत, मग घसारा सगळा एकालाच का दिलाय? चूक आहे ना?" चूक नसते. तिथे अमेरिकी करकायद्याचं कलम ७०४(सी) असतं. मी गेली चौदा वर्षं हेच काम करते, आणि माझं मत असं की हे कलम अवघड नाही, ते उलट्या टोकाकडून शिकवलं जातं. मी ते पंगतीकडून शिकवते.

त्याआधी प्रश्न काय आहे ते नीट समजून घेऊ.

आपल्याकडे भागीदाराने स्वतःची जमीन किंवा मशीन फर्ममध्ये आणली की कर तिथेच लागतो. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनील सिद्धार्थभाई यांच्या खटल्यात सांगितलं की हे हस्तांतर आहे खरं, पण मोबदला किती ते ठरवता येत नाही, म्हणून भांडवली नफा मोजता येत नाही. मग १९८७ च्या वित्त कायद्याने ४५(३) हे कलम आणलं: फर्मच्या वहीत जी किंमत लिहिली तोच मोबदला समजायचा. म्हणजे दारातच हिशोब पुरा. अमेरिकेत कलम ७२१ म्हणतं, आत येताना काही लागणार नाही. ऐरोलीच्या टोलनाक्याचं उदाहरण मी पूर्वी द्यायचे: आपल्याकडे पावती आत शिरताना फाटते, त्यांच्याकडे बाहेर पडताना. पण पावती कोणाच्या नावाने फाडायची हे आत शिरतानाच लिहून ठेवावं लागतं, आणि ते लिहिणं म्हणजे ७०४(सी).

आता आकडे घेऊ. शैला आणि विनय, निम्मे-निम्मे भागीदार. नावं मुद्दाम आपली ठेवते, त्याने मुलांच्या डोक्यात माणसं उभी राहतात. शैला एक मशीन आणते. बाजारभाव १,२०,००० डॉलर, पण तिने घसारा घेत घेत कराच्या हिशोबात त्याची किंमत, म्हणजे बेसिस, ४८,००० वर आणून ठेवलेली. विनय १,२०,००० रोख आणतो. दोघांनी सारखंच घातलं, म्हणून भांडवल खात्यात दोघांच्या नावावर १,२०,००० लिहायचे. ही 'बुक' वही. पण कलम ७२३ प्रमाणे फर्मला मशीनचा बेसिस शैलाचाच मिळतो, ४८,०००. ही 'टॅक्स' वही. दोन्ही वह्यांमधला फरक ७२,०००. हा शैलाचा बिल्ट-इन गेन. तो ती येण्याआधी साठला, विनयचा त्याच्याशी काही संबंध नाही.

इथे मुलं विचारतात की दोन वह्या कशाला, एकच ठेवली तर? तेव्हा मी त्यांना बाबांची गोष्ट सांगते. बाबांनी वागळे इस्टेटमध्ये एका ओळखीच्या माणसाबरोबर छोटं वर्कशॉप काढलं होतं. बाबांनी स्वतःची लेथ मशीन घातली, त्या गृहस्थाने दीड लाख रोख घातले. मशीनला बाजारात दीड लाख सहज मिळाले असते, पण बाबांच्या जुन्या हिशोबात ती ६०,००० ची उरली होती, आणि वहीत तीच किंमत लिहिली गेली. दोन वर्षांनी पटेना. वर्कशॉप मोडलं, मशीन १,४०,००० ला गेली, आणि वहीतल्या किमतीवर जे जास्त आले ते 'नफा' म्हणून निम्मे-निम्मे झाले. तो नफा नव्हताच. ती बाबांनी आदल्या बारा वर्षांत हातातलं मशीन जपून, दर शनिवारी संध्याकाळी बेड पुसून तेल लावून टिकवलेली किंमत होती. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण ती वही अजून आमच्या घरी आहे आणि त्या पानावर त्यांनी पेन्सिलने एक उभी रेघ मारलेली आहे. बुकमध्ये बाजारभाव लिहायचा तो यासाठी. आणि टॅक्समध्ये बेसिस वेगळा ठेवायचा तो उलट्या कारणासाठी: शैलाचा जुना नफा विनयच्या माथी कर म्हणून बसू नये.

आता वाटप. नियम एकच लक्षात ठेवा: ज्याने वस्तू आणली नाही, त्याचं ताट आधी वाढायचं. पंगतीत पाहुण्याला आधी वाढतो तसं. त्याला बुकमध्ये जेवढं मिळालं, तेवढंच टॅक्समध्ये द्यायचं. उरेल ते आणणाऱ्याच्या ताटात.

मशीनची चार वर्षं शिल्लक आहेत, सरळ रेषेने घसारा धरू. टॅक्स घसारा वर्षाला ४८,००० भागिले ४, म्हणजे १२,०००. बुक घसारा त्याच वेगाने, १,२०,००० भागिले ४, म्हणजे ३०,०००. बुकमध्ये दोघांना १५,००० प्रत्येकी. आता विनयचं ताट: त्याला टॅक्समध्येही १५,००० हवेत. भांड्यात आहेत १२,०००. सगळे त्याला दिले तरी ३,००० कमी. शैलाला शून्य.

"मग ते ३,००० कुठून आणायचे?" याला तीन पद्धती आहेत. पहिल्या, ट्रॅडिशनल पद्धतीचं उत्तर: कुठूनच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फर्मच्या टॅक्स वहीत जेवढी रक्कम आहे त्याहून जास्त भागीदारांत वाटता येत नाही. यालाच सीलिंग रूल म्हणतात. वर आलेल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे: घसारा सगळा एकालाच, कारण त्यालाही तो पुरा पडलेला नाही.

चार वर्षांनी काय उरतं ते पाटीवर मांडा, निव्वळ मशीनपुरतं. शैला: बुक भांडवल ६०,०००, टॅक्स भांडवल ४८,०००. विनय: बुक ६०,०००, टॅक्स ७२,०००. दोघांकडे १२,००० चा फरक तसाच. तीन हजार गुणिले चार. विनयने चार वर्षं कमी वजावट घेतली, म्हणजे जास्त कर भरला, आणि त्याची भरपाई तो हिस्सा विकेपर्यंत किंवा फर्म मोडेपर्यंत होत नाही. मला ही पद्धत मनापासून आवडत नाही, जरी माझ्या हाताखालून जाणाऱ्या बहुतेक फाइलींत तीच असते. करार तयार करताना कोणी बोललंच नाही तर तीच धरली जाते, आणि रोख आणणाऱ्या भागीदाराला कित्येकदा कळतही नाही की तो काय सोडतोय.

म्हणून दुसरी पद्धत, क्युरेटिव्ह. दुसऱ्या भांड्यातून वाढायचं, पण पदार्थ तोच हवा. घसारा ही साध्या उत्पन्नातली वजावट, म्हणून भरपाईही साध्या उत्पन्नातूनच व्हायला हवी, भांडवली नफ्यातून नाही. समजा फर्मला विक्रीतून वर्षाला २०,००० उत्पन्न आहे. बुकमध्ये दोघांना १०,०००. टॅक्समध्ये शैलाला १३,००० आणि विनयला ७,००० द्या. विनयचं निव्वळ: ७,००० वजा १२,०००, उणे ५,०००. बुकमध्ये: १०,००० वजा १५,०००, तेही उणे ५,०००. जुळलं. पण ज्या वर्षी उत्पन्नच नाही त्या वर्षी भांडं रिकामं, आणि भरपाई अडकते.

तिसरी रेमेडिअल. ही शिकवताना मी नेहमी पाटी पुसून नव्याने सुरू करते, कारण इथे बुक घसाऱ्याची चालच बदलते आणि मुलं जुनेच ३०,००० धरून बसतात. बुक किमतीचे दोन तुकडे करा. पहिला तुकडा टॅक्स बेसिसएवढा, ४८,०००. तो उरलेल्या चार वर्षांत, वर्षाला १२,०००. दुसरा तुकडा वरचा ७२,०००. हे मशीन आज नवं विकत घेतलं असतं तर जेवढी वर्षं लागली असती तेवढ्यात. दहा वर्षं धरू, वर्षाला ७,२००. म्हणजे पहिली चार वर्षं बुक घसारा १९,२००, प्रत्येकी ९,६००. टॅक्समध्ये १२,००० आहेत: विनयला ९,६००, शैलाला उरलेले २,४००. पहिल्या चार वर्षांत कमीच पडत नाही.

पाचव्या वर्षापासून टॅक्स घसारा संपला. बुक घसारा ७,२०० चालूच, प्रत्येकी ३,६००. आता फर्म विनयला ३,६०० ची वजावट कागदावर निर्माण करून देते, आणि त्याच वेळी शैलाला त्याच जातीचं ३,६०० उत्पन्न. फर्मच्या पातळीवर बेरीज शून्य, पण दोघांच्या रिटर्नमध्ये खरे आकडे. असं सहा वर्षं. शेवटी तपासा. शैलाचं टॅक्स भांडवल: ४८,००० वजा चार वर्षांचे ९,६०० अधिक सहा वर्षांचे २१,६००, बरोबर ६०,०००. विनयचं: १,२०,००० वजा ३८,४०० वजा २१,६००, ६०,०००. बुकमध्येही दोघांचे ६०,०००. गाठ पूर्ण सुटली. हे पहिल्यांदा पाटीवर जुळलं तेव्हा आमच्यातल्या एका मुलीने मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता, आणि मला तिचं फार कौतुक वाटलं, कारण ज्याला ही जुळणी बघून बरं वाटतं तो पुढे चुका कमी करतो.

कोणती पद्धत घ्यायची हे आपण ऐरोलीत बसून ठरवत नाही. ते करारात असतं, नसेल तर क्लायंटच्या सल्लागाराला विचारायचं. मोठ्या जागांच्या व्यवहारांत तर यावर बरीच घासाघीस होते: इमारत आणणाऱ्याला ट्रॅडिशनल हवी असते, पैसे आणणाऱ्याला रेमेडिअल. आपलं काम एवढंच की एका मालमत्तेला एकदा धरलेली पद्धत पुढच्या वर्षी बदलू नये. वेगवेगळ्या मालमत्तांना वेगवेगळी पद्धत चालते, एकीलाच दोन चालत नाहीत. आणि फक्त कर वाचवायला आकडे फिरवले आहेत असं दिसलं तर १.७०४-३ या नियमातलं गैरवापराचं पोटकलम लागतं. तशी शंका आली तर रिव्ह्यू नोटमध्ये लिहा, स्वतः निर्णय घेऊ नका.

जमिनीला घसारा नाही, म्हणून तिथे सगळं विक्रीच्या दिवशी होतं. बेसिस ३,००,०००, आणताना बाजारभाव १०,००,०००, दुसऱ्याने १०,००,००० रोख. जमीन ११,००,००० ला गेली तर टॅक्स नफा ८,००,०००. त्यातले बुक नफ्याचे १,००,००० निम्मे-निम्मे, बाकी ७,००,००० आणणाऱ्याचे. त्याला ७,५०,०००, दुसऱ्याला ५०,०००. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. चुकतात ते भाव पडल्यावर. जमीन ९,००,००० ला गेली. बुकमध्ये १,००,००० तोटा, प्रत्येकी ५०,०००. टॅक्समध्ये मात्र ६,००,००० नफा. दुसऱ्याला तोटा द्यायचाय, पण फर्मकडे तोटाच नाही. ट्रॅडिशनलमध्ये त्याला शून्य आणि आणणाऱ्याला ६,००,०००. रेमेडिअलमध्ये दुसऱ्याला ५०,००० तोटा आणि आणणाऱ्याला आणखी ५०,००० नफा, एकूण ६,५०,०००. मुलं घाईत ६,००,००० चे तीन-तीन लाख करून टाकतात. म्हणजे ज्याचे प्रत्यक्षात पन्नास हजार बुडाले, त्याच्या के-१ वर, म्हणजे फर्म प्रत्येक भागीदाराला त्याच्या वाट्याचे आकडे लिहून देते त्या कागदावर, तीन लाखांचा नफा जातो. त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला तो कर भरणारा माणूस आहे, हे मी दरवेळी बोलून दाखवते.

छोट्या फरकाला सूट आहे. एका भागीदाराने त्या वर्षात आणलेल्या सगळ्या मालमत्तेचा फरक बेसिसच्या १५ टक्क्यांच्या आत आणि एकूण २०,००० डॉलरच्या आत असेल, तर फर्म ७०४(सी) बाजूला ठेवू शकते. १,००,००० बेसिस आणि १,१२,००० बाजारभाव असेल तर चालेल. दोन्ही अटी लागतात, एक नाही.

के-१ वर दोन जागा. 'एम' मध्ये आणलेल्या मालमत्तेत बिल्ट-इन नफा-तोटा होता का, त्याला हो. 'एन' मध्ये न वटलेला ७०४(सी) नफा, वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा. शैलाच्या मशीनचं ट्रॅडिशनलमध्ये सुरुवातीला ७२,०००; वर्षाअखेर बुक ९०,०००, टॅक्स ३६,०००, म्हणून ५४,०००. पुढे ३६,०००, १८,०००, शून्य. 'एन' चा आकडा मागच्या वर्षावरून नुसता ओढून आणू नका. दरवर्षी मालमत्तेच्या बुक आणि टॅक्स किमतीतून नव्याने काढा.

आता तारखेचं. माझ्या तिसऱ्या सीझनला एका फाइलमध्ये फर्मने एक प्लॉट भागीदाराला देऊन टाकला होता. भागीदाराला वस्तू दिली तर सहसा कर लागत नाही, म्हणून मी तसंच धरलं आणि फाइल वर पाठवली. रात्री साडेदहाला कॉल आला. तिकडच्या रिव्ह्यूअरने एकच विचारलं, "हा प्लॉट फर्ममध्ये कोणी आणला होता?" मी कराराच्या मागचं परिशिष्ट उघडलं. प्लॉट दुसऱ्याच भागीदाराने आणला होता, बेसिस २,१०,०००, बाजारभाव ५,६०,०००, आणि तारखेवरून तो आणल्याला सहावं वर्ष चालू होतं. सात वर्षांच्या आत आणलेली मालमत्ता दुसऱ्या भागीदाराला दिली, तर ७०४(सी)(१)(बी) प्रमाणे ती त्या दिवशी विकली असं समजून जुना नफा आणणाऱ्याच्या नावावर लागतो. भाव पडलेला नव्हता, म्हणून पूर्ण ३,५०,०००. तो आकडा माझ्या फाइलमध्ये कुठेच नव्हता. के-१ अजून गेले नव्हते म्हणून निभावलं, पण त्या रात्री शेवटची गाडी चुकली आणि मी रिक्षाने कळव्याला येईपर्यंत त्या भागीदाराचाच विचार करत होते: हिस्सा त्याचा तोच राहिला, हातात काही आलं नाही, आणि कर साडेतीन लाखांवर. त्याच्या सल्लागाराने वेळेत सांगितलं असतं तर आणखी थोडं थांबून तो टळला असता. याचं जुळं भावंड म्हणजे कलम ७३७: आणणाऱ्याला सात वर्षांच्या आत फर्मची दुसरी मालमत्ता मिळाली तरी नफा उघडतो. ही मुदत पूर्वी पाच वर्षं होती, ८ जून १९९७ नंतर आणलेल्या मालमत्तेला सात झाली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वर्कपेपरच्या पहिल्या ओळीत मालमत्ता, आणणारा, आणल्याची तारीख आणि सात वर्षं पुरी होण्याची तारीख, असे चार रकाने असतात. मुलांनाही तेच चार रकाने देते.

राहिला हिस्सा विकण्याचा प्रकार. शैलाने आपला हिस्सा दुसऱ्याला विकला तर तिचा उरलेला बिल्ट-इन गेन तिच्याबरोबर जात नाही, तो घेणाऱ्याच्या ताटात येतो. अर्धा हिस्सा विकला तर त्या प्रमाणात. बिल्ट-इन तोट्याचं मात्र उलट आहे: २२ ऑक्टोबर २००४ नंतर आणलेल्या मालमत्तेतला जुना तोटा फक्त आणणाऱ्याचाच, घेणाऱ्याला तो मिळत नाही. म्हणून फाइलमध्ये भागीदार बदललेला दिसला की 'एन' चा आकडा आधी नफा आहे की तोटा ते बघा. नफा असेल तर नव्या भागीदाराच्या नावावर चढवा, सवयीने शून्य करू नका.